भाड्याच्या घरात कमोड बसवायचाय? मालकांची परवानगी अशी घ्या

भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद भागात अजूनही जुनी घरे भाड्याने मिळतात. कुठे जांभ्याच्या भिंती, खाली शहाबादी फरशी आणि संडासात उकिडवे बसायचे भांडे. घरात गुडघ्यांनी हैराण झालेली आई असेल, तर कमोड ही चैन नाही. पण घर दुसऱ्याचे आहे, म्हणून आधी विचारायचे आणि मग गवंडी बोलवायचा.

पडदे, मच्छरजाळी, एखादा खिळा यासाठी तोंडी विचारले तरी भागते. फोडतोड होणार असेल किंवा नळाची, विजेची लाइन बदलणार असेल, तर लेखीच घ्या. वीजजोडणी मालकांच्या नावावर असेल, तर वाढीव लोडचा अर्जही जेस्कॉम या वीज कंपनीकडे त्यांनीच करायचा असतो. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 सांगते की, करारात वेगळे काही ठरले नसेल तर भाडेकरूने बसवलेली वस्तू घर ताब्यात असेपर्यंत काढून नेता येते, मात्र जागा मिळाली होती तशी ठेवून. कायमचे बांधकाम मालकांच्या संमतीशिवाय करता येत नाही. तेव्हा आधी आपला अकरा महिन्यांचा करार काढून वाचा. तो कन्नडमध्ये असेल आणि नीट वाचता येत नसेल, तर जाणत्याकडून ओळ न ओळ समजून घ्या.

मग घराचा खाता, म्हणजे मालमत्तेची नोंद, कोणाच्या नावावर आहे ते विचारा. भाडे थोरले भाऊ घेतात, खाता वारलेल्या वडिलांच्या नावावर आणि धाकटे हैदराबादला, असे असेल तर एकाच्या होकारावर भिंत फोडू नका. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या.

मालकांकडे जाण्याआधी गवंडी आणि प्लंबरला जागा दाखवा. कोणती फरशी उचलावी लागेल, पाइप कुठून जाईल, खर्च किती, दिवस किती, हे लिहून घ्या. शहाबादी फरशी उचलताना फुटली, तर त्याच जाडीची आणि रंगाची सापडायला वेळ लागतो. मालकांच्या मनातली भीती बहुधा हीच असते. तिचे उत्तर तयार ठेवा.

आता समक्ष जाऊन बोला. फोनवर नकार देणे सोपे असते. होकार मिळाला की तिथेच कागद पुढे करा, मालक कन्नड वाचत असतील तर मराठीसोबत कन्नडमध्येही. मजकूर असा:

‘आईला खाली बसता येत नाही, म्हणून संडासातील भांडे काढून कमोड बसवण्याची परवानगी द्यावी. खर्च … रुपये. तो मी करीन. काम … ते … या तारखांत होईल. फुटलेली फरशी बदलून देईन. घर सोडताना कमोड इथेच राहील, त्याचे पैसे मागणार नाही. जुने भांडे पुन्हा बसवून देण्याची जबाबदारी माझ्यावर राहणार नाही.’

शेवटची दोन वाक्ये अजिबात गाळू नका. घर सोडताना वाद तिथेच निघतो. मालक निम्मा खर्च देणार असतील, तर दरमहा भाड्यातून किती वळते होणार तो आकडाही घाला. दोन प्रती, दोघांच्या सह्या, तारीख.

मालक ‘नको’ म्हणाले, तर चोरून काम करू नका. सध्याच्या भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची आणा. तिला फोडतोड लागत नाही. करार नवा करायच्या वेळी विषय पुन्हा काढा.

गळके छत किंवा तुंबलेली गटारलाइन ही मात्र सुधारणा नव्हे, दुरुस्ती आहे. ती करून देणे मालकांवर बंधनकारक असेल, लेखी कळवूनही वाजवी मुदतीत झाली नाही आणि करारात वेगळे ठरले नसेल, तर भाडेकरूला स्वतः करून खर्च भाड्यातून कापता येतो, असे तेच कलम म्हणते. इथे पोच घेतलेली नोटीस हवीच.

काम सुरू होण्याआधी आणि झाल्यावर तारखेसह फोटो काढा, बिले कराराच्या फाइलीत लावा. घर सोडायच्या दिवशी ते फोटो हाती घेऊन मालकांसोबत संडास पाहा, पाणी सोडून दाखवा आणि ॲडव्हान्सचा हिशेब तिथेच लिहून सही घ्या.