कल्पनेला दहा हजार

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. उभ्याने भातलावणी करता येईल असं अवजार तिला बनवायचंय. ‘इन्स्पायर-मानक’ या शाळकरी मुलांच्या विज्ञान-कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेचे पैसे पहिल्या नंबरातल्यांनाच मिळतात का?
– एक पालक, चिपळूण

उत्तर : नाही, ताई. इथे गुण नव्हे, कल्पना पाहतात. आणि वाकून दुखणाऱ्या कमरेतून सुचलेली ही कल्पना मला फार मोलाची वाटते. अर्ज मात्र तुम्ही करायचा नाही, नामांकन शाळाच ऑनलाइन भरते. म्हणून विज्ञानशिक्षकांना आताच भेटा. निवड झाल्यास १०,००० रुपये थेट मुलीच्या बँक खात्यात येतात. ते प्रतिकृती बनवण्यासाठी आणि जिल्हा प्रदर्शनासाठी असतात. खातं तिच्याच नावाचं, चालू स्थितीत हवं. तयार प्रकल्प विकत घेऊ नका. ‘निवड करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे किंवा ओटीपी अजिबात देऊ नका.