आयनांबरातील उत्तेजित कण

दिवसा न लागणारे दूरचे मध्यम लहरींवरील केंद्र रात्री स्पष्ट ऐकू येते, हा अनुभव रेडिओ ऐकणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील ‘डी’ थर दिवसा या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो जवळजवळ विरून जातो आणि लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात.

सूर्यकिरणांमुळे हवेच्या अणुरेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होणे, म्हणजेच आयनीभवन, हे अशा थरांचे मूळ होय. ऑक्सिजनच्या सामान्य रेणूतून इलेक्ट्रॉन सोडविण्यास सुमारे १२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. तेवढी ऊर्जा असलेले जंबुपार किरण बहुतांशी वरच्या हवेतच शोषले जातात. परंतु ओझोनचे सूर्यप्रकाशात विघटन होताना मुक्त होणारा ऑक्सिजनचा रेणू बहुधा उत्तेजित असतो. म्हणजे सुमारे १ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा त्याच्याजवळ आधीच साठलेली असते. इतर कणांशी टक्कर न झाल्यास ही पुंजी तासाहून अधिक काळ टिकते. अशा रेणूचे काम ११ इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये भागते आणि त्या ऊर्जेचे काही किरण ‘डी’ थरापर्यंत उतरतात. हंटन आणि मॅकेलरॉय या शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये ही उपपत्ती मांडली. कार्बन डायऑक्साइड याच किरणांना वाटेत अडवितो, हे पुढे ध्यानात आले. उपपत्ती त्यामुळे खोटी ठरली नाही. या प्रक्रियेचा वाटा मात्र बराच कमी धरावा लागला.

‘डी’ थरातील मुख्य वाटा नायट्रिक ऑक्साइडचा. हा वायू तेथे अत्यल्प असला, तरी १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या सौरकिरणाने त्याचे आयनीभवन होते. आणि या वायूची निर्मितीही बरीचशी उत्तेजित कणांवरच अवलंबून आहे! नायट्रोजनचा सामान्य अणू ऑक्सिजनशी मंदगतीने संयोग पावतो. उत्तेजित अणू तेच काम झपाट्याने करतो.

सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर मात्र परिणाम उलटा होतो. तेथील ऑक्सिजनचे अणुरूप आयन इलेक्ट्रॉनशी सहसा थेट संयोग पावत नाहीत. नायट्रोजनच्या रेणूशी गाठ पडली, की त्यांच्यापासून नायट्रिक ऑक्साइडचे आयन बनतात आणि हे आयन इलेक्ट्रॉन चटकन गिळतात. नायट्रोजनचा रेणू जोराने कंप पावत असल्यास ही देवघेव अधिक वेगाने घडते. भूचुंबकीय वादळात वरची हवा तापते, असे रेणू वाढतात, हवेच्या घटकांचे प्रमाणही बदलते आणि इलेक्ट्रॉनांची घनता उतरते. अशा वेळी एरवी परत फिरणाऱ्या लघुलहरींपैकी उच्च वारंवारतेच्या लहरी थर भेदून अवकाशात निघून जातात, आणि त्यांवर विसंबलेली जहाजे व विमाने यांना कमी वारंवारतेकडे वळावे लागते.