धडा अकरावा : रक्ताचा दाब आणि रोजचे चालणे

मंडळी, रक्तदाब हा आजार आता खेड्यातही घरोघरी ऐकू येतो. आपण त्याला बीपी म्हणतो. बीपी वाढले की हिंडावे-फिरावे, की बसून राहावे? हे या धड्यात पाहू.

विहिरीवरची मोटार आठवा. मोटार पाणी ढकलते. पाइप अरुंद झाला की आतला दाब वाढतो. मोटारीवर ताण पडतो. एखाद्या दिवशी पाइप फुटतो. आपले काळीज ही मोटार आणि रक्तवाहिन्या हे पाइप. त्या ताठ व अरुंद झाल्या की रक्ताचा दाब वाढतो. असा दाब वर्षानुवर्षे राहिला तर मेंदूतली रक्तवाहिनी फुटते किंवा तुंबते. माणसाची एक बाजू लुळी पडते. कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो आणि सारे घर बसते.

बहुतेकांना आधी काहीच कळत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. म्हणून दंडाला पट्टा बांधून दाब मोजावा लागतो. हे यंत्र इटलीतील रिव्हा-रोची या डॉक्टरांनी १८९६ साली तयार केले. १२०/८० च्या आत दाब असला तर तो चांगला. तो पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर दाब वाढला असे समजावे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सरकारी दवाखान्यात जाऊन दाब मोजून घ्यावा.

काही जण बीपी कळताच बाज धरतात. "आता आपल्याच्यानं काही व्हायचं नाही," म्हणतात. हे चूक आहे. चालण्याने रक्तवाहिन्या सैल होतात. काळजाला कमी जोर लावावा लागतो. नेमाने चालणाऱ्याचा वरचा आकडा सुमारे पाचाने उतरू शकतो.

दुसरे म्हणतात, "आम्ही शेतकरी. आम्हाला चालायची काय गरज?" खुरपणी, कुदळ मारणे, पाण्याला दारे धरणे, हे श्रम हिशेबात धरायचेच. पण खरा हिशेब करा. नांगरट ट्रॅक्टर करतो. बांधापर्यंत मोटारसायकल जाते. मग पाय किती चालले? आणखी एक गोष्ट. श्वास कोंडून जड ओझे उचलले की दाब एकदम चढतो. बीपीच्या माणसाने ते टाळावे.

आषाढात तुकाराम महाराजांची पालखी सराटीहून अकलूजला येते. साठी उलटलेले वारकरी देहूपासून पायी आलेले असतात. म्हातारपणी चालणे जमते, याला दुसरा पुरावा कशाला? पण वारी वर्षातून एकदा येते. एका दिवसाच्या चालण्याने उतरलेला दाब काही तासच उतरलेला राहतो, मग पुन्हा चढतो. म्हणून चालणे रोजचे हवे. वारीला जाणाऱ्या बीपीच्या माणसाने आधी दाब मोजावा आणि गोळ्या बरोबर घ्याव्यात.

किती चालावे? जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला निदान १५० मिनिटे. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. सवय नसेल तर १० मिनिटांपासून सुरुवात करा. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. आपल्याकडे ऊन कडक. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा. बायांनी शेजारणीला सोबत घ्यावे.

दाब १८०/११० किंवा जास्त असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले, दम कोंडला, घेरी आली, तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.

चालायला लागलो म्हणून गोळी सोडू नका. आकडा उतरतो तो गोळी आणि चालणे या दोघांमुळे. २०१७ साली देशातील २५ जिल्ह्यांत रक्तदाब आटोक्यात आणण्याचे काम सुरू झाले. शेजारचा सातारा जिल्हा त्यात होता. तिथेही भर होता तो दाब मोजण्यावर आणि गोळी न चुकवण्यावर. गोळी कमी करायची का, ते डॉक्टर ठरवतील.

मिठाचा आणि तंबाखूचा विचार पुढच्या धड्यात करू.

उत्तरे द्या :
१. रक्ताचा दाब वाढला हे कशावरून कळते?
२. वर्षातून एकदा चालून का भागत नाही?
३. तुमच्या घरात दाब कोणी मोजलेला नाही? त्यांना दवाखान्यात कधी नेणार?