जुनी फियाट, नायलॉन टायर आणि ओला ट्रॅक

प्रश्न : आमच्या जुन्या फियाट ११०० ला मूळ घडणीचे नायलॉन टायर आहेत. त्यांवर पावसात जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरावे, की रेडियल बसवावेत?
– एक वाचक, रावेर

उत्तर : टायरची घडण जुनी असणे वेगळे आणि रबर जुने असणे वेगळे. ओल्यात घात होतो तो जुन्या रबराने. खानदेशच्या उन्हात ते कडक होते. नक्षी खोल दिसली तरी पकड गेलेली असते. म्हणून बाजूवरचे तारखेचे चार अंक वाचा : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रेडियलची पकड अधिक, हा आक्षेप खराच. पण या गाडीचे सस्पेन्शन नायलॉन टायर धरून आखलेले आहे. हा टायर हळूहळू घसरतो, चालकाला आधी सूचना देतो. रेडियल उशिरा, पण एकदम सुटतो. अरुंद टायर साचलेले पाणीही चांगले कापतो.

पावसात हवा कमी करावी, हा समज मात्र सोडा. नासाने १९६० च्या दशकात मांडलेल्या सूत्रानुसार, पाणी नक्षीपेक्षा खोल असेल तर २४ पौंड हवेवर टायर ताशी सुमारे ८० किलोमीटरला तरंगू लागतो, ३० पौंडांवर सुमारे ९० ला. तेव्हा शर्यतीसाठी ताजे नायलॉन टायर, पुरेशी हवा आणि आवरता वेग. रोजच्या वापराला रेडियल घ्यायचे तर चारही घ्या. एका आसावर दोन जाती कधीच बसवू नका.