कोसा, उरेब आणि घरची कात्री

प्रख्यात वेशभूषाकारांच्या कपड्यांवरून घरी काही शिवू पाहणाऱ्यांची फसगत शिलाईत क्वचितच होते, ती कापणीत होते. कारण छायाचित्रात गळ्याचा आकार, बाहीची लांबी आणि घेर एवढेच दिसते, पण तो कपडा अंगावर तसा का पडतो हे कापडाच्या ज्या दिशेवर ठरते ती दिशा छायाचित्रात उमटत नाही. विणलेल्या कापडात लांबीच्या बाजूने जाणारे उभे धागे म्हणजे ताणा आणि त्यांना काटकोनात छेदणारे आडवे धागे म्हणजे बाणा. या दोन्ही दिशांनी कापड फारसे ताणले जात नाही. दोहोंच्या बरोबर मधून जाणाऱ्या तिरक्या रेषेवर मात्र तेच कापड ओढले असता लांबते आणि रुंदीला आकसते, आणि या तिरक्या रेषेवर केलेल्या कापणीला उरेब कापणी किंवा शिवणवर्गांतल्या बोलीत क्रॉस कटिंग म्हणतात.

पॅरिसच्या वेशभूषाकार मादलेन व्हिओने (१८७६–१९७५) यांनी ही कापणी गळपट्टी आणि झालरीपुरती न ठेवता संपूर्ण पोशाखाचा पाया केली, आणि १९२० व १९३० च्या दशकांतले त्यांचे पोशाख चेन, चिमटे वा कडक अस्तर यांच्या फारशा आधाराशिवाय अंगालगत वाहत उतरताना दिसतात, म्हणून घरी शिवणाऱ्यांना त्यांचा मोह अधिक पडतो. व्हिओने कागदावर आराखडा काढण्याऐवजी लहान लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून रचना ठरवीत आणि उरेब कापणीला पुरावे म्हणून नेहमीपेक्षा बरेच रुंद पन्ह्याचे कापड मुद्दाम विणवून घेत. पन्हा म्हणजे कापडाची काठापासून काठापर्यंतची रुंदी, आणि नागपूर जिल्ह्यातल्या कुहीसारख्या तालुक्याच्या गावी घरी शिवणाऱ्या स्त्रीची पहिली अडचण नेमकी तेथे येते.

उमरेड आणि पवनी ही विणकरांची जुनी ठिकाणे कुहीपासून फार लांब नाहीत, त्यामुळे या भागातल्या घराघरांत कोशाची एखादी करवती साडी पेटीत जपून ठेवलेली असते. कोसा म्हणजे रानातल्या किड्यांच्या कोशांपासून काढलेले टसर रेशीम. करवती साडीचे अंग या रेशमाचे आणि काठ सुती असतात, काठांवर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, आणि अंग व दोन्ही काठ यांच्यासाठी तीन निरनिराळे धोटे चालवून ती विणली जाते. भौगोलिक मानांकन मिळालेले हे वस्त्र पदर विटल्यावर वा नेसण्याचे प्रसंग उरले नाहीत म्हणून कात्रीखाली येते, आणि त्यातून व्हिओनेच्या धाटणीचा, खाली घेर सोडलेला उरेब कुर्ता काढण्याचा बेत ठरतो.

असा कुर्ता करवती काठ खालच्या घेराला लावून शिवला असता काय घडते, हे जवळून पाहण्याजोगे आहे. शिलाई पूर्ण झाल्यावर तो सपाट पाटावर निर्दोष दिसतो. खुंटीवर टांगून रात्र गेली की उरेब अंग स्वतःच्या वजनाने खाली उतरू लागते, पण काठ सरळ विणीचा आणि सुती असल्यामुळे तो जागचा हलत नाही, त्यामुळे काठाच्या वर कापड फुगून झोल येतो आणि घेर ठिकठिकाणी कमीजास्त लोंबतो. अंगात घालून झाल्यावर मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडण्याच्या वळणाशी, टाके शाबूत असूनही धागे शिवणीपासून सरकून बारीक फटी पडलेल्या असतात, कारण हातमागाचा कोसा सैल विणीचा असतो व तंग कपड्याचा ताण त्याची वीण सोसत नाही. पहिल्या धुण्यानंतर काठ आणि अंग सारखे आटत नाहीत म्हणून उरलीसुरली रेषाही वाकडी होते. हे उसवून सुधारता येत नाही, आणि आईच्या वा सासूच्या साडीचे असे झाले की होणारी हळहळ कापडाच्या किमतीत मोजता येत नाही. म्हणूनच हा विषय एवढ्या तपशिलाने मांडणे आवश्यक वाटते.

पन्ह्याचे गणित कात्री हाती घेण्यापूर्वीच मांडता येते. पन्ह्याच्या इंचांना १.४१ ने गुणून आलेल्या संख्येतून हव्या त्या तुकड्याची रुंदी वजा केली की जोड न देता मिळणारी उरेब लांबी कळते: ४५ इंची पन्ह्यात २२ इंच रुंदीचा तुकडा साधारण ४१ इंच लांब निघतो, तर ३६ इंची पन्ह्यात तोच तुकडा २९ इंचांवर संपतो आणि त्यात फार तर आखूड झंपर बसतो. पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे ४५ इंची कापडात सरळ कापले तर सुमारे ४१ इंच कापड पुरते, उरेब कापले तर सुमारे ७६ इंच लागते. मध्येच कापड कमी पडले तर नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात फेरी मारून त्याच रंगाचा हातमागाचा तुकडा मिळेल या भरवशावर राहू नये, कारण वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या सुताची छटा क्वचितच जुळते.

उरेब कापणी ही परदेशातून आलेली अवघड विद्या आहे, हा समज मात्र सोडून दिला पाहिजे. चुडीदार विजार आपल्याकडे फार पूर्वीपासून उरेबच कापली जाते. कापडाची तिरकी थैली शिवून त्यातून पाय कापतात, म्हणून ती पोटरीला घट्ट बसूनही गुडघ्यात वाकते. कोल्हापुरात जन्मलेल्या, मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत चित्रकला शिकलेल्या आणि ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथैया यांनी ‘वक्त’ (१९६५) मध्ये साधना यांना दिलेला तंग चुडीदार-कुर्ता गावोगावच्या शिंप्यांनी उचलला, आणि तो त्यांना साधला याचे कारण ही कापणी त्यांच्या हातात आधीपासून होती. ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मधली मुमताज यांची नारिंगी साडी हे बाहेरून न दिसणाऱ्या रचनेचे त्याच कलावतीचे उदाहरण असून त्यात निऱ्या आणि थर आधीच शिवून पक्के केलेले होते. नुसती साडी घट्ट गुंडाळून तो आकार टिकत नाही. फ्रेंच वेशभूषाकार इव्ह सां लोराँ यांच्या १९६५ च्या, चित्रकार माँद्रियान यांच्या चित्रांवरून केलेल्या पोशाखाचीही तीच गोष्ट, कारण त्यातले रंगीत चौकोन कापडावर छापलेले नसून वेगवेगळ्या तुकड्यांचे जोड आहेत आणि अंगाचा बाक त्या जोडांच्या शिवणीत लपवलेला आहे. नक्कल करायची ती या आतल्या रचनेची, आणि ती कळत नसेल तर कात्री थांबवणेच इष्ट.

कोशावर हात टाकण्याआधी पूर्ण कपडा दुसऱ्या कापडात शिवून पाहावा. मात्र त्यासाठी नवा खळीचा मांजरपाट घेऊ नये, कारण तो ताठ राहतो आणि कपडा कसा पडेल याविषयी चुकीचा दिलासा देतो, त्यापेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे खरे वागते. मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या निवडण्याच्या जागी, देठ खुडून चार पैसे मिळवणाऱ्या घरातही असे लुगडे सापडते, आणि अर्ध्या मापाचा नमुना केला तर तेवढेही कापड लागत नाही. कोशाला माया, म्हणजे शिवणीबाहेर राखलेले जास्तीचे कापड, नेहमीपेक्षा दुप्पट ठेवावी, अकरा नंबरची नवी सुई वापरावी, आणि तंग भागाचा ताण कोशाऐवजी आतल्या मलमलीच्या अस्तरावर येईल असे अस्तर किंचित लहान बेतावे. करवती काठ उरेब घेराला न लावता बाहीच्या टोकाला किंवा पुढच्या उभ्या पट्टीला, म्हणजे जेथे खालचे कापडही सरळ विणीचे आहे तेथे, लावावा.

खालची दुमड सर्वांत शेवटी येते. खांदे आणि बगला शिवून झाल्यावर कपडा दोन दिवस टांगून ठेवावा, नंतर तो ज्या स्त्रीसाठी आहे तिला घालून उभे करावे आणि जमिनीपासून पट्टीने सारखे अंतर मोजत खडूने चौफेर खुणा कराव्यात. खुणांखालचे कापड कोठे जास्त, कोठे कमी निघेल, तेवढे कापून बारीक दुमड हाताने तुरपावी. कापणीत उरलेले तिरके त्रिकोण फेकू नयेत, कारण गळ्याला लागणारी उरेब पट्टी त्यांतूनच निघते.