रेनपायसाठी एडिटर कसा लावावा?

प्रश्न : मी रेनपायमध्ये मराठी व्हिज्युअल नॉव्हेल लिहितो आहे. व्हीएस कोडमध्ये सगळा मजकूर एकाच रंगात दिसतो आणि सारख्या चुका होतात. काय करू?

उत्तर : आधी व्हीएस कोडच्या एक्स्टेन्शनमध्ये रेनपाय भाषेचा आधार शोधून बसवा. मग लेबल, मेनू आणि संवाद वेगवेगळ्या रंगांत दिसतील आणि अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं की लगेच डोळ्यांत भरेल.

तुमच्या बहुतेक चुका ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत असणार. रेनपायच्या स्क्रिप्टमध्ये टॅब चालतच नाही, स्पेसच लागतात. मेनूखालचा एक पर्याय टॅबने आत सरकवला, तर डोळ्यांना सगळं सरळ दिसतं, पण गेम सुरूच होत नाही. म्हणून सेटिंगमध्ये टॅबऐवजी ४ स्पेस ठेवा. लांब संवादांसाठी वर्ड रॅप चालू करा, आडवं सरकवत संवाद वाचणं फार त्रासाचं.

रेनपाय स्वतः बनवतं त्या .आरपीवायसी फायली एडिटरच्या यादीत गर्दी करतात. त्या ‘फाइल्स एक्सक्लूड’ या सेटिंगमधून लपवा, पण पुसू नका. गेम लोकांच्या हाती गेल्यावर त्यांचे जुने सेव्ह चालायला त्या लागतात.

गेम चालू असताना शिफ्ट-आर दाबा. मग एडिटरमध्ये सेव्ह केलं की बदललेला संवाद गेममध्ये लगेच दिसतो. लिहिणाऱ्याला याहून मोठं सुख नाही!

गेममध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर दोष एडिटरचा नाही. रेनपाय ८.२ किंवा पुढची आवृत्ती घ्या आणि गेममध्ये देवनागरी फॉन्ट घाला.