३.४ पॉइंट, तीर्थ आणि आमराई : स्थळवर्णनामागील दृष्टी

स्थळवर्णन वाचताना लेखक कोठे उभा आहे, हे प्रथम पाहावे. या दृष्टीने एका परकीय उद्यानशैलीचा विचार येथे करू.

अठराव्या शतकात इंग्लंडमधील जमीनदारांनी वाड्यांभोवतीच्या बागांचे रूप पालटले. आखीव वाफे जाऊन चढउताराची हिरवळ, विखुरलेली झाडे आणि वळणदार तलाव आले. लान्सलॉट ब्राउन (१७१६-१७८३) हा या शैलीचा अग्रणी. ओढ्यांना बांध घालून केलेले त्याचे तलाव निसर्गनिर्मितच वाटत. गुरे अडविण्यासाठी कुंपणाऐवजी खोल चर खणीत. वाड्यातून तो दिसत नसे. त्यामुळे पलीकडचे कुरणही बागेचाच भाग भासे. माणसाचे श्रम आणि हद्द दोन्ही दृष्टीआड होत.

ही दृष्टी इंग्रजांबरोबर सातारा जिल्ह्यात पोहोचली. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने महाबळेश्वरी थंड हवेचे ठाणे वसविण्यास प्रारंभ केला. पुढल्याच वर्षी ती जागा छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळा गावाच्या मोबदल्यात मिळाली. येथे देखावा घडविण्याची गरज नव्हती. कड्यावर उभे राहण्याची जागा ठरवली, तिला नाव दिले, की झाले : एल्फिन्स्टन, लॉडविक, आर्थर सीट. 'पॉइंट' हा शब्द मराठीत असा रुळला, की त्याला पर्याय शोधावा असे कोणास वाटले नाही.

वस्तुतः हे पठार आधीपासून तीर्थ होते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांचा उगम मानतात. यात्रेकरू तेथे दरी न्याहाळीत नाही. वाकून पाण्याला हात लावतो.

मात्र हा भेद साहेब आणि एतद्देशीय असा सरळ नाही. वेण्णा तलाव साताऱ्याचे राजे शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली बांधवला. नावेत बसणाऱ्यास तो मूळचाच वाटतो. ब्राउनला याहून अधिक काय हवे होते! त्याच काळात महाबळेश्वरी चिनी कैद्यांचा तुरुंग होता. बंगल्यांतील साहेबांना लागणारा भाजीपाला हे कैदी पिकवीत. 'चायनामन' धबधब्याचे नाव त्यांच्या मळ्यांवरून पडले. गव्हर्नर-सेनानींची व्यक्तिनामे कड्यांना मिळाली; राबणाऱ्यांची केवळ जात-देशाची ओळख उरली.

हीच कृष्णा पुढे सांगलीस येते. पटवर्धनांच्या या संस्थानी शहरातील उद्यान 'आमराई' म्हणून ओळखले जाते. या शब्दात झाड आहे, फळ आहे, सावली आहे. दुरून पाहणारा नाही.

स्वयं-अध्ययन : परिचित बागेचे, टेकडीचे अथवा तलावाचे दीडशे शब्दांत वर्णन लिहा. ते स्थळ राखणारी माणसे आपल्या वर्णनात आली आहेत का, हे तपासून पुन्हा लिहा.